पहिला टाका बाहुलीवर

(कारधा येथील महिला बचत गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



वैनगंगेच्या काठावरून, कारध्याहून, आम्ही गटाच्या बाया बोलतो आहोत. रोवणी आटोपली आहे, कंबर थोडी सरळ झाली आहे, आणि सध्या सगळ्यांचं लक्ष नदीच्या पाण्याकडे आहे. तरी पंधरा मिनिटं आमच्यासाठी काढा. आज आम्ही दवाखान्याबद्दल बोलणार आहोत, पण कोणत्या आजारावर कोणतं औषध, असं ते बोलणं नाही. डॉक्टर शिकतात कसे आणि त्यांनी शिकावं कशावर, हा आजचा विषय आहे.

सुरुवात शिवणकामापासून करतो. आमच्या गटातल्या सहाजणी ब्लाउज शिवायला शिकल्या. शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी कापड हातात दिलंच नाही, जुना पेपर दिला. पेपरवर माप टाका, पेपर कापा. मग जुन्या लुगड्याचा तुकडा. तो नीट जमला की मग नवं कापड. आमच्यातली एक घाईची आहे. ती म्हणाली, "ताई, कागद कापण्यात दिवस कायले घालवता? द्या ना कापड." ताई म्हणाल्या, "बाई, कागद चुकला तर रद्दीत जाते. कापड चुकलं तर गिऱ्हाईक भांडते."

हे सगळ्यांना पटलं. मग गटाच्या बैठकीत एक दिवस दुसरीच गोष्ट निघाली. आमच्यातल्या एकीने तिच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. तिला विचारूनच आम्ही ते इथे सांगतो आहोत. बारा वर्षं झाली. बाळंतपणात खालच्या जागी चीर द्यावी लागली आणि मग टाके घालायचे होते. रात्रीची वेळ होती. एक अगदी तरुण, शिकाऊ डॉक्टर मुलगी एकटीच होती. तिने टाके घातले. चौथ्या दिवशी ते उसवले, जागा पिकली. ही बाई महिनाभर नीट बसू शकली नाही. बाळाला पाजायचं तर कुशीवर पडून. सासूबाईंना वाटलं, सून कामाची कटकट नको म्हणून नखरे करते. दुखणं कुठे आहे हे सांगायचीही लाज.

आम्ही विचारलं, "तुला त्या डॉक्टरणीचा राग नाही आला का?" ती म्हणाली, "राग नाही आला जी. तिचे हात थरथरत होते, हे मी पाहत होती. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की माझ्याआधी तिने टाका कशावर घातला होता?"

तेव्हा कोणीच काही बोललं नाही. ब्लाउजला कागद आहे, लुगड्याचा तुकडा आहे. बाईच्या अंगाला काय आहे? तिचा हा प्रश्न आम्ही उचलला, आणि आज जे सांगतो आहोत ते त्याचंच उत्तर शोधताना कळलेलं आहे.

उत्तर असं, की डॉक्टरांसाठीही कागद आहे. बाहुल्या आहेत, पुतळे आहेत, फोमच्या गाद्या आहेत, कॅमेऱ्याच्या पेट्या आहेत, संगणकाची यंत्रं आहेत. माणसावर हात ठेवण्याआधी या सगळ्यांवर सराव करायचा. इंग्रजी शिकलेले लोक त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, तालीम. आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री नाटक उभं राहतं, पण त्याआधी कितीतरी रात्री तालीम होते. तालमीत वाक्य विसरलं तर सगळे हसतात आणि पुन्हा म्हणतात. मंडईत विसरलं तर नाटक पडतं. शस्त्रक्रियेतही तसंच आहे, फक्त तिथे पडतं ते नाटक नसतं.

ही काही आजची टूम नाही. आपल्या देशातल्या सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात, शल्यविद्या शिकणाऱ्याने सराव कशावर करावा याची यादीच दिली आहे. कापायला शिकायचं तर कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी घ्या. भेद करायला शिकायचं तर पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातड्याची पिशवी घ्या. शीर टोचायला कमळाचा देठ. टाके घालायला जाड कापड आणि मऊ कातडं. आणि पट्टी बांधायला शिकायचं तर माणसाच्या आकाराची बाहुली. ज्याने पुष्कळ ग्रंथ वाचले पण असा सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कामाला योग्य नाही, असंही तिथे सांगितलं आहे. म्हणजे भोपळ्यावर हात बसल्याशिवाय माणसावर शस्त्र नको, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे. ती ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. फ्रान्स देशात आंजेलिक द्यु कुद्रे नावाची सुईण होती. गावोगावी बाळंतपणात बाया आणि मुलं मरत होती. १७५९ साली तिथल्या राजाने तिला देशभर फिरून खेड्यातल्या बायांना शिकवायचं काम दिलं. त्यातल्या बहुतेक बायांना वाचता येत नव्हतं. तेव्हा तिने कापड, कातडं आणि भरण वापरून बाईच्या कमरेएवढ्या भागाची खरी वाटेल अशी बाहुली शिवली आणि तिच्या आत बाळाची बाहुली ठेवली. बाळ आडवं असलं, पायाळू असलं तर हात कसा फिरवायचा, ते प्रत्येकीने बाहुलीवर करून पाहायचं. पंचवीसेक वर्षं ती बग्गीत बाहुली टाकून फिरली आणि सुमारे ५,००० बायांना तिने शिकवलं. तिची एक बाहुली आजही फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या संग्रहालयात आहे. बायांनो, सुईदोरा हातात घेऊन एका सुईणीने हे काम केलं. शिवणकाम करणाऱ्या आम्हा बायांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

आता आजच्या शस्त्रक्रियेकडे येऊ.

आपल्यापैकी कित्येकींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं आहे. आपण त्याला बिनटाक्याचं म्हणतो. पित्ताशयाचं, गर्भपिशवीचं ऑपरेशनही आता दुर्बिणीने होतं. पोटाला छोटी भोकं पाडतात, एकातून कॅमेरा जातो, दुसऱ्यातून लांब दांड्याची हत्यारं जातात, आणि डॉक्टर पोटाकडे न पाहता पडद्याकडे पाहून काम करतात. बाईला फायदा असा, की चीर लहान, दुखणं कमी, घरी लवकर जाता येतं. पण डॉक्टरचा हात शिकायला हे सोपं नाही. हत्यार पोटाच्या भोकात अडकलेलं असतं, त्यामुळे हात उजवीकडे गेला की आतलं टोक डावीकडे जातं. पडद्यावर सगळं सपाट दिसतं, खोली कळत नाही. बोटाला स्पर्श कळत नाही. आरशात पाहून उलट्या हाताने सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे थोडा अंदाज येईल.

हे शिकायला एक पेटी असते. वर रबरी झाकण, त्याला भोकं, आत कॅमेरा. शिकणारा दोन लांब हत्यारांनी आतल्या खुंट्यांवरच्या छोट्या कड्या उचलतो, एका हातातून दुसऱ्या हातात देतो आणि दुसऱ्या खुंटीवर घालतो. मग जाळीच्या कापडावर काढलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापतो. मग आतल्या आत गाठ मारतो. शंभरदा कडी पडली तरी कोणाचं आतडं फाटत नाही. याच कामाची संगणकावरची यंत्रंही आहेत.

याने खरंच फरक पडतो का, हे तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ शिकाऊ सर्जन घेतले. अर्ध्यांना आधी संगणकाच्या यंत्रावर ठरलेल्या पातळीपर्यंत सराव करू दिला, अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. मग सगळ्यांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. ज्यांनी सराव केला होता, त्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. ज्यांनी केला नव्हता, त्यांच्या चुका सहापट होत्या. पित्ताशयाला इजा होणं किंवा भलतीच जागा भाजणं, हेही त्यांच्याकडून पाचपट घडण्याची शक्यता होती. हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. तेव्हा यंत्रावर सराव म्हणजे पोरांचा खेळ, असं कोणी म्हटलं तर आपण हे आकडे सांगायचे.

मोतीबिंदूचंही तसंच आहे. आपल्या सासूबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणारा हात आधी यंत्रातल्या खोट्या डोळ्यावर चालवता येतो. डोळ्यातला पडदा केवढा नाजूक, आणि तिथे चूक झाली तर दुसरा डोळा कुठून आणायचा?

आणि टाके? आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे. बाळंतपणातले टाके शिकायला फोमची गादी चालते. चिरेचे थर तिच्यावर दाखवता येतात. आतला थर वेगळा, मधला वेगळा, वरची कातडी वेगळी. कुठला थर आधी, टाका किती ओढायचा, हे सगळं गादीवर शिकता येतं. त्या गादीला फार मोठा खर्च येत नाही. लागते ती शिकवणाऱ्याची वेळ.

आता बाळाकडे येऊ, कारण इथे आपल्या भागातली, आपल्या भाषेच्या मुलखातली हकीकत आहे.

दहा बाळं जन्मली तर त्यातल्या साधारण एकाला श्वास सुरू करायला मदत लागते. बहुतेक बाळांना कोरडं करून पाठ चोळली की ती रडतात. थोड्यांना तेवढ्याने होत नाही. त्यांना अंबू बॅगने, म्हणजे तोंडानाकावर मास्क ठेवून पिशवी दाबून, हवा द्यावी लागते, आणि ती जन्मापासून एका मिनिटाच्या आत सुरू व्हावी लागते. एक मिनिट म्हणजे किती? चुलीवरून चहाचं भांडं उतरवून गाळेपर्यंत ते संपतं. त्या मिनिटात बॅग शोधायला, मास्क कुठला लावायचा ते आठवायला वेळ नसतो. हाताला आधीच माहीत असावं लागतं.

त्यासाठी बाळाची बाहुली आहे. तिच्यात पाणी भरलं की ती खऱ्या बाळासारखी जड आणि लुळी होते. मास्क नीट बसला आणि पिशवी दाबली तरच छाती वर येते. मास्क वाकडा बसला तर येत नाही. बाहुलीला खोटं बोलता येत नाही. २०१० मध्ये अशा बाहुलीवर शिकवण्याचा एक कार्यक्रम जगभर सुरू झाला. आपल्या सरकारनेही २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला होता, त्यातही पुतळ्यावरच शिकवतात.

बेळगावच्या डॉक्टरांनी हा बाहुलीचा कार्यक्रम आपल्या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत नेला. बाळंतपण करणाऱ्या ५९९ जणांना शिकवलं आणि आधीची व नंतरची बाळंतपणं मोजली. शिकवण्याआधी शंभरात १.७ बाळं ताजी मृत जन्मलेली म्हणून नोंदली जात होती, नंतर ते प्रमाण ०.९ झालं. म्हणजे जवळजवळ निम्मं. याचा अर्थ नीट ऐका, बायांनो. जी बाळं मेलेली म्हणून कापडात गुंडाळून बाजूला ठेवली जात होती, त्यातली काही मेलेली नव्हतीच. ती फक्त श्वास घेत नव्हती. कोणीतरी मिनिटाच्या आत हवा द्यायची वाट पाहत होती.

आमच्या गटात हे वाचलं तेव्हा दोघीजणी उठून बाहेर गेल्या. त्यांना आपापली बाळं आठवली.

पण गोष्ट इथे संपवली तर अर्धवट होईल. त्याच अभ्यासात पहिल्या महिन्यातले बाळांचे एकूण मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. नंतर बेळगाव, आपलं नागपूर आणि आफ्रिकेतला केनिया देश अशा तीन ठिकाणी मिळून मोठा अभ्यास झाला. शिकलेल्यांचं ज्ञान वाढलं, हात सुधारला, पण मृत्यू सगळीकडे सारखे कमी झाले नाहीत. असं का? याचा एक धागा टांझानिया देशातल्या हायडम नावाच्या ग्रामीण रुग्णालयात सापडतो. तिथे आधी एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाहुलीवर सगळ्यांचे हात छान चालायला लागले, पण सात महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या बाळंतपणात काहीच बदल नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली लेबर रूमजवळच ठेवली. दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव आणि महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांत दगावणारी बाळं हजारात ११.१ होती, ती ७.२ झाली.

बाहुली तीच, शिकवणंही तेच. फरक पडला तो रोजच्या सवयीने. एकदा प्रशिक्षण झालं, सही झाली, फोटो निघाला, चहा-समोसा झाला, आणि बाहुली प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात गेली, तर तिचा उपयोग नाही. आपल्या गटाच्या प्रशिक्षणांचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच.

तालमीचा आणखी एक भाग आहे, तो म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा सराव. एकट्या डॉक्टरचा हात चांगला असून भागत नाही. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जायला लागलं, तर कोण गर्भपिशवी चोळणार, कोण इंजेक्शन भरणार, कोण रक्तपेढीला आणि १०८ ला फोन करणार, कोण घरच्यांशी बोलणार? यासाठी एक पोटाला बांधायची बाहुली असते. शिकवणारी बाईच ती एप्रनसारखी बांधते आणि बाळंतीण होते. आत लाल पाण्याची थैली असते. ती पाणी सोडते, विव्हळते, घाबरते, प्रश्न विचारते. बाकीच्यांनी तिला वाचवायचं. शेवटी ती बाळंतीण सांगते, कोण माझ्याशी बोललं, कोणी नुसताच हात घातला.

हे आम्ही आमच्या पद्धतीने गटात करून पाहिलं. अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवलं आणि जुन्या लुगड्यावर ओतलं. मग प्रत्येकीला विचारलं, किती असेल? एक म्हणाली कपभर. एक म्हणाली पावशेर. अर्धा लिटर कोणीच म्हणालं नाही. आणि साध्या बाळंतपणात अर्धा लिटर गेलं की तो धोका मानतात. कापडात मुरलेलं रक्त डोळ्याला कमीच दिसतं. "एवढं तर जातेच" असं म्हणत आपण किती वेळ घालवला असेल, ते त्या दिवशी कळलं. या खेळाला खर्च आला एका चिमूट कुंकवाचा.

आता एक अवघड गोष्ट. भंडाऱ्यात राहून आम्ही ती टाळू शकत नाही.

९ जानेवारी २०२१ ची रात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचवता आली, १० गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या त्या आया होत्या. चूक कोणाची, हे ठरवायला आम्ही इथे बसलो नाही. त्यासाठी चौकशी असते, कायदा असतो. आम्हाला फक्त तालमीबद्दल बोलायचं आहे. अंधारात, धुरात, दार कुठे, विजेचा खटका कुठे, कोणी कोणतं बाळ उचलायचं, कोणत्या वाटेने निघायचं, हे त्या वेळी विचार करून सुचत नाही. ते आधी पायांनी चालून पाहिलेलं असावं लागतं. बाळांच्या जागी बाहुल्या ठेवून, दिवे घालवून, घड्याळ लावून. पावसाळ्याआधी आपल्या नदीकाठच्या गावांत पुराची रंगीत तालीम होते, तेव्हा आपण नावेत बसतो, दोर धरतो, हसतोही. पण लहान पूल पाण्याखाली गेला की तेच हातपाय आठवतात. नदीसाठी हे करतो, तर जिथे आपली एक-दीड किलोची लेकरं काचेच्या पेटीत निजलेली असतात, तिथेही ते व्हायला हवं, आणि पुन्हा पुन्हा व्हायला हवं.

मैत्रिणींनो, बाहुलीचं एवढं कौतुक केलं, आता तिची मर्यादाही सांगतो. बाहुली सगळं शिकवत नाही. प्रत्येक बाईचं अंग वेगळं, रक्त वेगळं, भीती वेगळी. शेवटी डॉक्टरला खऱ्या माणसावर शिकावंच लागतं, आणि आपण कोणीच ते करू दिलं नाही तर उद्या आपल्या मुलींना डॉक्टर कुठून मिळणार? तेव्हा शिकाऊ डॉक्टर दिसला की हाकलून लावा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तो आधी बाहुलीवर तयार होऊन यावा, त्याच्या बाजूला जाणता डॉक्टर उभा असावा, आणि आपल्याला विचारलेलं असावं, एवढंच म्हणतो. समजावून सांगून संमती घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासताना जवळ बाई असणं, हाही आपला हक्क आहे. रुग्ण हक्कांच्या सनदेत हे लिहिलेलं आहे.

आणि हे आत्ताच का बोलतो आहोत? कारण ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाल्याची घोषणा झाली, त्यात आपलं भंडाऱ्याचंही आहे. दर वर्षी १०० मुलंमुली तिथे डॉक्टर व्हायला येणार. नदीच्या त्या काठावर ती शिकणार आणि या काठावरच्या आपण त्यांच्या पेशंट असणार. ही चांगली गोष्ट आहे. नागपूरला धावायचं थोडं तरी कमी होईल. वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब, म्हणजे सरावाची खोली, असलीच पाहिजे, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियमच आहे. खोली असणं कागदावर दिसतं. तिचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, ते विचारल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून आम्ही काही प्रश्न काढले आहेत. वही जवळ असेल तर लिहून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, नाहीतर नुसतं सिस्टरशी बोलताना हे विचारता येतील.

पहिला प्रश्न. आपल्या केंद्रात बाळाची सरावाची बाहुली आहे का, आणि तिच्यावर शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला?

दुसरा. लेबर रूममध्ये अंबू बॅग आणि छोट्या बाळाचा, मोठ्या बाळाचा असे दोन्ही मास्क हाताशी आहेत का? बॅग दाबून पाहिली आहे का?

तिसरा. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त गेलं तर कोणी काय करायचं, याची सगळ्यांनी मिळून तालीम कधी केली? रात्रपाळीच्या माणसांनी केली का?

चौथा. आग लागली तर बाळं आणि बाळंतिणी कोणत्या दाराने काढायच्या, हे चालून पाहिलं आहे का? ते दार रात्री उघडं असतं का?

पाचवा, ऑपरेशन ठरलं तर. ऑपरेशन कोण करणार, आणि शिकणारे असतील तर त्यांच्याजवळ कोण उभं राहणार?

विचारताना आवाज चढवू नका. सिस्टरताई, डॉक्टरसाहेब असं म्हणूनच विचारा. आमचा अनुभव असा, की चांगलं विचारलं की त्यांनाही बरं वाटतं. एका सिस्टरने आम्हाला सांगितलं, "बाई, आम्हालाच सराव पाहिजे. पण ओपीडी, लसीकरण आणि रजिस्टरं यातून पाच मिनिटं काढू द्या असं कोणी वरती सांगत नाही. तुम्ही समितीत बोला." म्हणजे प्रश्न विचारणं हे तिच्याविरुद्ध नाही, तिच्या बाजूचंच आहे. त्या बारा वर्षांपूर्वीच्या शिकाऊ डॉक्टरणीलाही कोणीतरी अशी पाच मिनिटं, एक फोमची गादी आणि शेजारी उभं राहणारं माणूस द्यायला हवं होतं. तिचे हात थरथरले, पण तिला एकटीला तिथे उभं कोणी केलं, हेही विचारायला हवं.

आमच्या त्या मैत्रिणीची मुलगी आता बारा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिला ब्लाउजचा कागद कापायला बसवलं होतं. बाही उलटी कापली गेली. आईने तो कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि दुसरा दिला.

पुढच्या समितीच्या बैठकीला ती मैत्रीण स्वतः जाणार आहे. पहिला प्रश्न तीच विचारणार आहे. आम्ही तिच्यासोबत असू. तुम्हीही आपापल्या गटात या आठवड्यात लाल पाण्याचा तो खेळ करून पाहा, आणि कोणी किती अंदाज सांगितला ते आम्हाला रेडिओवर येऊन सांगा.

नदीचं पाणी वाढतं आहे, मुलांना काठावर जाऊ देऊ नका. नमस्कार.